घाटात दम टाकणारी टर्बो गाडी : पिस्टन गेला म्हणण्याआधी काय बघायचं

कुंभार्ली घाट चढून आलेल्या गाड्या माझ्याकडे बहुतेक एकाच तक्रारीने येतात. "ओढत नाही, ब्रीदरमधून धूर मारतीय, ऑइल खातीय. पिस्टन गेलाय, इंजिन उतरवा." निदान ड्रायव्हरने घाटातच करून टाकलेलं असतं. कऱ्हाडजवळ हायवेलगत मी बावीस वर्षं टर्बो डिझेल इंजिनं बांधतोय. खाली चिपळूणकडून जांभा चिरा भरून वर यायचं आणि सीझनला ऊस ओढायचा, या दोन धंद्यांत इंजिनाचा जीव निघतो. तरी 'इंजिन उतरवा' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या इंजिन जागेवर ठेवून परत गेल्या आहेत. ज्यांचा पिस्टन खरंच गेला होता, त्यांच्यातही तो आपल्या मरणाने गेलेला क्वचित निघाला. मारणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि तो न सापडता नवं किट (पिस्टन, रिंगा, लायनर) टाकलं की तेही त्याच वाटेने जातं. म्हणून खाली जे लिहितोय ते पिस्टन कसा बदलायचा याबद्दल नाही.

लक्षणं

पिस्टन, त्याच्या रिंगा किंवा लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) गेला की गाडी यातलं काही ना काही दाखवतेच :

ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून धुराचा जोर वाढतो, गाडी उभी असते तिथे पाइपाखाली ऑइलचा डाग पडतो. डिपस्टिक आपोआप वर सरकते, कधी तिच्या नळीतून ऑइल उडून इंजिनाची एक बाजू काळी होते. सायलेन्सरला निळा धूर येतो, तोही उतार संपून पुन्हा रेस दिली की जास्त. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर एक सिलिंडर मिस करतो, पांढरा धूर येतो आणि तापल्यावर सगळं जरा सुधारतं. लोडवर ठोका ऐकू येतो. दर फेरीला लिटर-दोन लिटर ऑइल घालावं लागतं.

आता यातली गोम. ब्रीदरचा धूर म्हणजे चेंबरमध्ये (क्रँक आणि ऑइल असतं त्या इंजिनाच्या खालच्या भागात) जिथून येऊ नये तिथून वारा येतोय, एवढंच. तो रिंगांवरून येतोय असं ब्रीदर सांगत नाही. टर्बो ट्रकमध्ये चेंबरला वारा भरणारे आणखी दोघे आहेत : टर्बो आणि ब्रेकचा एअर कंप्रेसर. शिवाय काळा धूर आणि ओढ नसणं ही दोन लक्षणं मी वरच्या यादीत मुद्दाम लिहिली नाहीत. ती पिस्टनपेक्षा फाटलेल्या होजची जास्त असतात.

आधी ड्रायव्हरला चहा पाजा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच. मालकासमोर ड्रायव्हर खरं बोलत नाही. त्याला बाजूला घ्या आणि विचारा : हे एकदम झालं की हळूहळू वाढत गेलं? एकदम झालं असेल तर काहीतरी तुटलंय, वितळलंय किंवा धरलंय. सहा महिन्यांत वाढलं असेल तर झीज आहे. गाडी कधी तापली होती का, काटा लालवर जाऊनही घाट पुरा केला का? मध्ये डिझेल जास्त जावं म्हणून पंप कुणी 'वाढवून' दिला का? नव्या गाडीत तेच काम लॅपटॉप लावून करतात, तेही विचारा. एअर फिल्टर कधी बदलला, की हवा मारून मारून तोच चालवलाय? गाडी पाण्यातून नेली का?

पंप वाढवल्याचं उत्तर 'हो' आलं की माझं अर्धं काम झालेलं असतं. पेट्रोलवाल्यांच्या डोक्यात बसलंय की इंधन कमी पडलं की पिस्टन जळतो. डिझेलचं उलट आहे. इथे जितकं डिझेल जास्त तितकी आग जास्त. टर्बो वारा देतो म्हणून जास्त डिझेल जाळता येतं, पण टर्बोच्याही वाऱ्याला हद्द आहे. पिस्टन ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा असतो आणि त्याचा धातू साधारण ५७० ते ५८० अंशांना मऊ होऊन वितळायला लागतो. वर जळणारा वायू काही क्षण २००० अंशांच्या आसपास असतो. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याची उष्णता रिंगांमधून लायनरला, लायनरमधून पाण्याला आणि खालून मारलेल्या ऑइलच्या फवाऱ्याला जात राहते. यातली एक वाट बंद झाली किंवा आग वाटांच्या आवाक्याबाहेर गेली, की पिस्टन संपला. पुढची प्रत्येक तपासणी यातली कुठली वाट बंद पडली ते शोधण्यासाठी आहे.

डिपस्टिक

इंजिन बंद करून, गाडी सपाट जागी लावून लेव्हल बघा. कमी झालेली सगळे बघतात, वाढलेली कुणी बघत नाही. ऑइल वाढलं असेल तर त्यात डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. बोटावर घेऊन वास घ्या. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. डिझेल असेल तर काळ्या ठिपक्याभोवती पातळ, तेलकट कडं लांबवर पसरतं. एखादं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) गळत असलं की डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, रिंगा कोरड्या घासतात आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगलाही पुरत नाही. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तेव्हा पिस्टन बाजूला ठेवा. हेड गॅस्केट, ऑइल कूलर, लायनरचे रबर याच्यामागे लागा, आणि गाडी सुरू करू नका.

ऑइलचं टोपण आणि ब्रीदर

इंजिन तापवा. आयडलला ठेवून ऑइल भरायचं टोपण काढा आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर घाबरू नका, प्रत्येक डिझेल थोडा वारा चेंबरमध्ये सोडतंच. टोपण उडून पडलं किंवा जागेवर ठरेचना, तर वारा जास्त आहे. शक्य असेल तर तशाच दुसऱ्या चांगल्या गाडीवर हाच प्रयोग शेजारी उभं राहून करा. नजरेला तुलना लागते.

मग ब्रीदरच्या तोंडाशी हात धरा आणि लय बघा. भक्... भक्... भक्, असा ठरावीक अंतराने झटका येत असेल तर एकच सिलिंडर बिघडलाय, तिथे पिस्टनचा संशय घट्ट होतो. एकसारखा सोसाट्याचा वारा येत असेल तर सगळ्या रिंगा झिजल्यात, नाहीतर वारा दुसरीकडून येतोय. ही लय ओळखायला पैसे लागत नाहीत, पण सवय लागते.

बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये ब्रीदर उघडा सोडलेला नसतो, ऑइल सेपरेटरमधून पुन्हा आत घेतलेला असतो. तो सेपरेटर तुंबला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि रिंगा धडधाकट असूनही डिपस्टिक उडते. आधी तो बघा.

एअर कंप्रेसर : इथे सगळे फसतात

ब्रेकचा कंप्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो, आणि त्याच्या रिंगा गेल्या की त्याचा वारा इंजिनाच्या चेंबरमध्येच येतो. तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद करून ब्रेक मारून मारून टाक्या रिकाम्या करा. चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावायला विसरू नका. मग इंजिन सुरू करून ब्रीदर बघत रहा. टाक्या भरत असताना कंप्रेसरवर लोड असतो. काटा वर जाऊन अनलोडरने 'फुस्स' केलं की लोड उतरतो. त्या क्षणी ब्रीदरचा जोर कमी झाला, तर तुमचा चोर कंप्रेसर आहे. खात्रीसाठी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा. पाण्याबरोबर ऑइलचा काळा चिखल आला तर शंकाच नाही.

मागच्या सीझनला उसाच्या फडातून आलेली एक सहा सिलिंडरची गाडी, दुसरीकडे 'हाफ इंजिन' काम करून आलेली, ब्रीदर जसाच्या तसा. मालक रडकुंडीला आलेला. कंप्रेसरचं किट टाकलं आणि ब्रीदर शांत झाला. आधीचे पिस्टन निष्कारण बदलले गेले होते.

टर्बो आणि होज

इंजिन थंड, बंद. टर्बोच्या तोंडाचा होज काढा आणि शाफ्टला बोटांनी हलवा. आडवं थोडं हलणं नॉर्मल आहे, शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर जाणवण्याइतकं हललं किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा असल्या तर टर्बो गेला. गेलेल्या टर्बोच्या सीलमधून वारा ऑइलच्या परतीच्या पाइपाने चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदर धुरकटतो.

पण उलटंही होतं, आणि हे लक्षात ठेवा. टर्बोचं ऑइल खाली फक्त आपल्या वजनाने उतरतं. रिंगा गेल्यामुळे चेंबरमध्ये दाब असला की ऑइल उतरायला वाट मिळत नाही, ते टर्बोतच साठून सीलमधून बाहेर पडतं. मग लोक टर्बो बदलतात, आणि आठ दिवसांत नवाही ऑइल टाकायला लागतो. लागोपाठ दोन टर्बो ऑइल टाकत असतील तर तिसरा घेऊ नका, टोपण उलटं ठेवा.

टर्बोचा वारा गार करणाऱ्या इंटरकूलरचे होज क्लिपजवळ आणि वळणाच्या पोटात फाटतात. फट बंद इंजिनावर दिसत नाही. रेस देताना साबणाच्या पाण्याने कळते. वारा बाहेर गेला की डिझेल पुरं जळत नाही, काळा धूर, ओढ गायब. हे तसंच महिना-दोन महिने चालवलं की मग खरोखर पिस्टन तापतो.

एअर फिल्टरनंतरचा, म्हणजे फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप आतून बोटाने पुसा. बोटाला धूळ लागली तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. ती धूळ रिंगा आणि लायनर सँडपेपरसारखी घासत आलीय. खाणीतल्या आणि उसाच्या गाड्यांत हा प्रकार नेहमीचा. क्लिप किरकोळ किमतीची असते.

रेडिएटर

पूर्ण थंड इंजिनावर, आणि फक्त थंड असतानाच, टोपण काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले तर कंप्रेशन पाण्यात जातंय : हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. पिस्टन नव्हे, निदान अजून तरी नव्हे. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिलीत.

कुठला सिलिंडर?

जुन्या, लायनीच्या पंपाच्या (पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप) इंजिनावर हे सोपं आहे. आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचं नट अर्धा आटा ढिलं करा. चांगला सिलिंडर तोडला की आवाज बदलतो, इंजिन खाली बसतं. मेलेला तोडला तर काहीच फरक पडत नाही. त्याचवेळी एक जण ब्रीदरपाशी उभा करा. एखादा सिलिंडर तोडल्यावर तो भक्-भक् झटका हलका झाला तर रिंगा त्याच्याच. ठोका थांबला तर ठोकाही त्याचाच.

कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) हे करायचं नाही. कधीच नाही. आयडललाही तिथे शेकड्यांनी बार दाब असतो, लोडवर १६०० ते २००० बारपर्यंत जातो. ती डिझेलची धार कातडीत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आणि आत बोट सडतं. असं कुणाला झालं तर मलमपट्टी करत बसू नका, तडक सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. कॉमन रेलला सिलिंडर तोडायचा तो स्कॅनरने.

ऑइल काढून बघणे

इथपर्यंत फुकट होतं. आता ऑइल आणि फिल्टर यांचा खर्च. गरम ऑइल स्वच्छ घमेल्यात काढा, उन्हात धरून हलवा. चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड : रिंगा, लायनर, गिअर. न चिकटणारी पांढरी चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे बहुधा पिस्टन. तांबूस असेल तर बेअरिंग. मग जुना फिल्टर करवतीने नको, कातरीने किंवा फिल्टर कटरने उघडा, नाहीतर करवतीचाच चुरा बघून घाबराल. घडीचा कागद उलगडून बघा. ऑइलमध्ये तरंगणारं निसटतं, फिल्टरच्या घडीत सगळं साठतं.

ॲल्युमिनियम सापडलं तर गाडी पुन्हा सुरू करू नका. 'एवढी फेरी मारून येतो' म्हणून गेलेल्या एका गाडीचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. पिस्टनच्या कामाचं ब्लॉक आणि क्रँकचं काम झालं.

नोझल आणि कॅमेरा

संशयित सिलिंडरचं नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टला द्या. पण सगळीच द्या, एक नको. एकटं नोझल चांगलं की वाईट हे बाकीच्यांशेजारी कळतं. ठरलेल्या दाबाला उघडतंय का, फवारा धुक्यासारखा मोडतो की पिचकारीसारखी धार पडते, आणि बंद झाल्यावर टोकाशी थेंब लोंबतो का, हे तुमच्या डोळ्यांदेखत बघा. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.

नोझलच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडा. आता हे स्वस्तात मिळतात, साडेपाच मिलिमीटरचं टोक बऱ्याच इंजिनांत जातं. पिस्टन खाली नेऊन लायनरच्या भिंती बघा. होनिंगच्या (लायनर घासून पाडलेल्या) तिरक्या रेषा दिसल्या तर छान. उभे ओरखडे दिसले, पिस्टनच्या डोक्यावर भोक, खड्डा किंवा चंदेरी वितळलेला भाग दिसला, तर आता मात्र इंजिन उघडायचं ठरलं.

कंप्रेशन आणि लीक-डाउन

कॅमेऱ्यात काही दिसलं नाही आणि तक्रार खरी आहे, तेव्हा हे. गेज डिझेलचंच लागतं, पेट्रोलचं पहिल्याच झटक्याला फुटेल. सगळी नोझल काढलेली, डिझेल बंद, बॅटरी भरलेली, इंजिन कोमट. बॅटरी मेली असेल तर चांगलं इंजिनही कमी दाखवतं. बऱ्याच ट्रक इंजिनांत २२ ते ३० किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दरम्यान आकडा येतो, पण खरा आकडा कंपनीच्या मॅन्युअलचा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा : पाच सिलिंडर जवळजवळ सारखे आणि सहावा १०-१५ टक्क्यांहून खाली, तर तोच. पेट्रोल इंजिनासारखं वरून ऑइल ओतून पुन्हा मोजायचा प्रयोग इथे करू नका. डिझेलची वरची जागा इतकी कमी असते की ऑइलनेच आकडा फुगतो, जास्त पडलं तर रॉड वाकतो.

लीक-डाउन मला जास्त आवडतो. त्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, दोन्ही वॉल्व्ह बंद, नोझलच्या जागी ॲडॉप्टर लावून पाच-सहा किलो हवा सोडायची आणि कान लावायचा. हवा क्रँक फिरवू शकते, म्हणून पुलीवर पाना सोडून ठेवू नका, हातही नको. सायलेन्सरला सुस्कारा आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. एअर फिल्टरकडे आला तर इनलेट. रेडिएटरला बुडबुडे आले तर हेड. आणि डिपस्टिकच्या नळीत वारा घुमला तर रिंगा-पिस्टन. थोडा तिथे येतोच, शेजारच्या सिलिंडरशी ताडून बघा.

उघडल्यावर : मेलेला पिस्टन बोलतो

इथून पुढे अनुभवी फिटरचंच काम आहे, पण मालकाने शेजारी उभं राहून हे बघायलाच हवं.

पहिला प्रश्न : एकच गेलाय की सगळे? एकच असेल तर त्या सिलिंडरचं स्वतःचं काहीतरी, म्हणजे त्याचं नोझल, त्याचा ऑइल जेट, त्याच्याभोवतीचं पाणी. सगळ्यांवर सारखी खूण असेल तर सगळ्यांना सामायिक असलेलं काहीतरी : वाढवलेला पंप, पुढे गेलेलं टायमिंग, फाटलेला इंटरकूलर, धूळ, तापलेलं इंजिन.

डोक्यावर नोझलच्या फवाऱ्याच्या दिशेत खड्डे किंवा वितळून भोक पडलं असेल तर नोझल आणि जास्त डिझेल. डोक्यातल्या वाटीच्या काठाला बारीक चिरा असतील तर रोज तापणं-निवणं, घाटात खालच्या गिअरऐवजी वरच्या गिअरवर लोड ओढणं. वरच्या दोन रिंगांमधली कड तुटली असेल तर दाबाचा झटका : टायमिंग, पाणी, किंवा सकाळी सुरू होत नाही म्हणून एअर फिल्टरपाशी धरलेला पेट्रोलचा बोळा. सेल्फ मारताना तो पेट्रोलचा स्फोट कडेवरच बसतो. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) दोन्ही समोरासमोरच्या बाजू फाटून लायनरला चिकटल्या असतील तर इंजिन तापलं होतं, ड्रायव्हर काहीही म्हणो. पिनच्या आजूबाजूला चार जागी ओरखडे असतील तर थंड इंजिनावर लगेच लोड दिला, नाहीतर क्लिअरन्स कमी बसवला होता. रिंगा ब्लेडसारख्या पातळ आणि स्कर्ट राखाडी, निस्तेज असेल तर धूळ. लायनर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासला असेल तर रॉड वाकडा.

हा शेवटचा प्रकार २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा मी ओळीने पाहिला. पाण्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांना लोकांनी नोझल न काढता सेल्फ मारला. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडनेही इंजिन सुरू होतं, महिनाभर चालतंही. मग पिस्टन जातो आणि कुणाला पूर आठवत नाही.

आता माझी चूक सांगतो. एका दहा चाकीला चार नंबरचा पिस्टन वितळला होता. नोझल गळत होतं, सापडलं, बदललं, किट टाकलं, गाडी दिली. तीन आठवड्यांत तीच गाडी, तोच चार नंबर. नोझल पुन्हा टेस्ट केलं, ठणठणीत. दोन दिवस मी पंपवाल्याशी भांडलो. शेवटी चेंबर काढून खालून बघताना दिसलं : चार नंबरचा ऑइल जेट, पिस्टनच्या पोटात ऑइल मारणारी ती वाकडी नळी, जराशी तिरकी. पिस्टन वरून बसवताना रॉडचं टोक तिला लागलं होतं, आणि तो पिस्टन मीच बसवला होता. फवारा पिस्टनऐवजी लायनरवर पडत होता. सपाटीवर चाललं, घाटात उष्णतेची एक वाट बंद म्हणजे पिस्टनच गेला. ते किट माझ्या पदरचं घातलं. तेव्हापासून प्रत्येक जेटच्या तोंडात बारीक सरळ तार घालून ती कुठे बोट दाखवते ते बघतो, पिस्टन बसवण्याआधी आणि नंतरही.

कुठे थांबायचं

चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, उलट रेस वाढत जातेय, पांढरानिळा धूर कोंदलाय : इंजिन आपलंच ऑइल जाळतंय. हात किंवा कापड हवेच्या तोंडाशी नेऊ नका, ओढून घेईल. हवेचं तोंड जाड फळीने दाबून बंद होत असेल तरच जवळ जा, नाहीतर माणसं लांब करा. एकदा थांबलं की ती गाडी टो करूनच हलवायची.

ऑइलचा दिवा लागला, लोखंडी ठोका आला, ऑइलमध्ये ॲल्युमिनियम सापडलं, पाण्यात बुडाली होती : सेल्फसुद्धा मारू नका, टो करा.

बीएस-६ गाडी, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, वॉरंटीत असेल तर ऑइल-डिपस्टिक-होज एवढंच स्वतः बघा आणि तिथेच हात आवरा. इंजेक्टर बदलला की त्याचा कोड इंजिनाच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, सायलेन्सरमधला फिल्टर ऑइलच्या धुराने भरला की त्याचं वेगळं काम निघतं. हे पाना-हातोडीचं राहिलेलं नाही.

हेड काढणं, लायनर किती वर आहे ते मोजणं, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल लावून मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडणं, रिंगांचा गॅप : ज्याच्याकडे मोजायची हत्यारं नाहीत त्याच्याकडे हे काम देऊ नका, तो कितीही जुना उस्ताद असो. आणि काम देताना सांगा की निघालेला प्रत्येक पिस्टन आणि नोझल, नंबर घालून, जपून ठेवायचं. भंगारवाला संध्याकाळी येतोच, त्याच्या आधी तुम्ही जा.

गाडी बांधून मिळाली की पहिल्याच दिवशी, इंजिन तापवून, टोपण उलटं ठेवून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. हजारेक किलोमीटरनंतर, रिंगा बसल्यावर, पुन्हा काढा. पुढच्या वेळी घाटात ड्रायव्हरचा फोन आला की आधी तोच व्हिडिओ काढून तुलना करता येईल.